टॅपेटला हात कुणाचा

जीप गप्प होती, तिथंच मला कळायला हवं होतं.

खंडेनवमीची सकाळ. देवीला ओवाळून मी देवळातून परत येत होते. वाडीच्या वळणावरून बघितलं तर आमच्या दारात जीप चालू, पुढच्या सीटवर पवनचक्कीच्या कंपनीचा साहेब बसलेला, आणि माझा नवरा जोतिराम हॉर्नवर हात ठेवून माझी वाट बघतोय. (नवऱ्याचं नाव मी घेते. पूर्वी घेत नव्हते.) मागून धूर निघत होता, बॉनेट थरथरत होतं, म्हणजे इंजिन चालू होतं. पण त्याची टिकटिक येत नव्हती. वीस वर्षांची जुनी डिझेल जीप लग्नातल्या नवरीसारखी खाली मान घालून उभी होती.

मी ताट पायरीवर ठेवलं आणि खिडकीपाशी गेले.

"अवं, आवाज का न्हाई हिचा?"

"बस मागं. साहेबांस्नी उशीर हुतोय."

"पण टॅपेट..."

"शाले, बस म्हणतो न्हवं!"

मागं माझा धाकटा दीर बाजीराव बसला होता. पायाशी भाकरीची दुरडी, पिठल्याचं पातेलं, ठेच्याचा डबा. मला न्यायचं कारण तेवढंच होतं, वर पठारावर साहेबाला जेवायला वाढायचं. बाजीरावानं हात देऊन मला वर ओढलं आणि हसत म्हणाला, "बघ वैनी, दादानं गाडी कशी गप केली! कालपतूर शिलाई मशीन हुती."

हे शिलाई मशीन त्यानंच चालवलं होतं. आदल्या आठवडाभर वाडीत त्याचं एकच, "दादा, तुझी गाडी लांबनं वळखू येती. साहेब म्हणंल, मोडीत निघालेली आणली." कंपनीला पठारावर इंजिनिअर लोकांची ने-आण करायला वर्षभरासाठी एक जीप हवी होती, ड्रायव्हरसकट. हे काम बाजीरावानंच ओळखीतून आणलं होतं आणि साहेबाला आधी गाडी चढ कशी चढते ते बघायचं होतं. आम्हाला ते काम पाहिजेच होतं. आमच्या रस्त्याला एसटी सुरू झाल्यापासून वडापला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या आमच्यासारख्या जीपला, कुत्रं विचारत नव्हतं, आणि घरात दोन पोरं खाणारी होती.

आता टॅपेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही. इंजिनाच्या डोक्यावर एक लांब झाकण असतं. त्याखाली आठ व्हॉल्व्ह, चार हवा आत घेणारे, चार धूर बाहेर टाकणारे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लोखंडी दांडी सारखी वर-खाली होते आणि त्याला दाबते. ती दांडी आणि तो व्हॉल्व्ह यांच्यात थोडीशी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड वाढतं आणि त्याला जागा लागते. फट असली की टिकटिक होते. ती टिकटिक असायचीच. फट बुजवली तर आवाज जातो, ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि इंजिनाचा जोर निघून जातो. ही फट मोजायला पोलादाच्या पातळ पत्त्या मिळतात. पत्ती फटीत घालायची आणि हळू ओढायची. ती निघाली पाहिजे, पण निघताना किंचित अडली पाहिजे, घट्ट बांगडी मनगटावरून काढताना लागते तेवढी. सगळं काम त्या अडण्यात आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. फक्त बोटांना कळतं.

आणि जोतिरामच्या बोटांना काही कळत नव्हतं.

लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून त्यानं नऊ वर्षं धरणाच्या बोगद्यात खडक फोडायचं मशीन चालवलं. त्या हादऱ्यांनी त्याच्या बोटांचे शेंडे मेले. थंडीत बोटं पांढरी पडायची. गरम तवा हाताला लागला तरी त्याला वास आल्यावर समजायचं. काम सुटल्यावर त्यानं ही जुनी जीप घेतली. इंजिनाची सगळी माहिती त्याला बोगद्यातल्या मशीनवाल्यांकडून झालेली. पहिल्यांदा टॅपेट करायला बसला तेव्हा तासभर पत्ती ओढत राहिला आणि शेवटी शिवी देऊन ती शेडच्या कोपऱ्यात भिरकावली. मी शेण काढत होते. पत्ती उचलून आणून दिली तर म्हणाला, "तूच धर. वड. कशी लागती सांग."

मी ओढली. सांगितलं. तिथून सुरुवात झाली.

दोन वर्षांत पाना माझ्या हातात होता आणि तो नुसता शेजारी बसलेला असायचा. कुठला व्हॉल्व्ह पुरता दाबलेला असताना कुठल्याला हात लावायचा याचा एक हिशोब असतो, दोघांच्या नंबरांची बेरीज नऊ यायला लागते. आठवा दाबला की पहिला, सहावा दाबला की तिसरा. मी सातवी शिकलेली, एवढी बेरीज मला येत होती. आमची जीप चढावर चांगली ओढते हे बघून दुसरे वडापवाले त्यांच्या गाड्या घेऊन यायला लागले. जोतिराम गाडी शेडमध्ये घ्यायचा आणि दार लावायचा. "ध्यान लागतं ह्या कामाला, मागं कुणी नगं," असं मालकाला सांगायचा. आत मी पदर खोचून बॉनेटमध्ये वाकलेली. काम झालं की मी मागच्या दारानं न्हाणीत जायची, हात राखेनं घासायची आणि मग चहा घेऊन पुढच्या दारानं बाहेर यायची. तो चहा पिता पिता ते मालक म्हणायचे, "जोतिरामच्या हातात देव हाय."

सात वर्षं मी ते ऐकलं आणि बशा उचलल्या.

तर त्या दिवशी जीप निघाली. साहेबाचं नाव नगरकर. पुण्याचा, चाळिशीचा, स्वच्छ शर्ट. वाडी सोडली तशी त्यानं विचारलं, "गाडीची देखभाल कुणाकडे करता? वर आमच्याकडे मेकॅनिक नाही, म्हणून विचारतो."

"घरीच करतो साहेब," जोतिराम म्हणाला. "टॅपेटसुदिक मीच. पार पाटणपासनं लोक येत्यात माझ्याकडं त्यासाठी."

मी दुरडी मांडीवर घेऊन त्याच्या मानेकडं बघत बसले.

पहिली दोन वळणं जीप छान चढली. तिसऱ्यापासून ती दम खायला लागली. जोतिरामनं दुसरा गिअर टाकला, मग पहिला टाकला. मातीचा रस्ता, त्यात दगड, आणि पुढं उभा चढ. चौथ्या वळणाच्या तोंडाशी इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. त्यानं स्टार्टर मारला. इंजिन फिरायचं, पण सैल फिरायचं, आणि पुढून फुस फुस हवा निघायची. डिझेल इंजिनाला दाब मिळाला नाही की ते पेट घेत नाही. तो आवाज ऐकला आणि मला कळलं. आठच्या आठ आवळले होते.

बाजीरावानं मागच्या चाकाला दगड लावला. साहेब खाली उतरला आणि घड्याळ बघायला लागला. जोतिराम बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला, जसं काही तिथं त्याला काही दिसणार होतं.

"काय झालं?" साहेबानं विचारलं. "सकाळी तर व्यवस्थित चालत होती."

जोतिराम बॉनेटमध्ये आणखी खाली वाकला.

"देखभाल तुम्हीच करता म्हणालात ना?"

तेव्हा जोतिरामनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही. साहेबाकडं बघून म्हणाला, "टॅपेटला बायकोनं हात लावला साहेब. तीच करती ते. तिनंच आवळून ठिवल्यात बघा."

बाजीरावाचं तोंड उघडं पडलं. "वैनी? वैनी टॅपेट करती?"

"करती," जोतिराम म्हणाला. "आता बायकांच्या हातचं काम म्हटल्यावर..." आणि त्यानं हात हलवला, वाक्य तसंच सोडलं.

मी गाडीत बसले होते. पहिल्यांदा मला काही वाटलंच नाही. मग कानामागं असं गरम झालं की दुरडी त्याच्या डोक्यावर आदळावी. सात वर्षं जे त्यानं शेडच्या बाहेर जाऊ दिलं नाही, सख्ख्या भावाला कळू दिलं नाही, ते त्यानं बाहेर काढलं तर असं, मला आरोपी करायला. तोंड उघडायला मलाही येत होतं. एक वाक्य पुरलं असतं, 'साहेब, ह्यांच्या बोटांना काही कळत नाही.' पण ते वाक्य म्हटलं की काम गेलं. बोटं मेलेल्या माणसाला घाटात कोण गाडी देतो? घर माझं, पोरं माझी, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. माझं तोंड बंद राहणार म्हणूनच तो बोलला होता.

मी खाली उतरले. सीटखाली काही अवजार असेल म्हणून हात घातला, आणि एका फडक्यात गुंडाळलेला पाना आणि स्क्रू ड्रायव्हर लागला. पान्याला हळद होती. त्यावर कुंकवाचं बोट, अर्धं पुसलेलं.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारं पूजेला बसतात. पहाटे उठून मीच ती डिझेलनं धुतली, पुसली, पाटावर मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं आणि देवळात गेले. एकदा पूजेला बसलेलं अवजार दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. जोतिराम तर नाहीच. बोगद्यात असताना त्या दिवशी मशीन चालवायला सांगितलं म्हणून त्यानं मुकादमाशी भांडण काढलं होतं. त्या माणसानं मी देवळात गेल्यावर पाटावरून पाना उचलला होता. झाकण काढलं, इंजिन चालू ठेवलं, आणि एकेक टॅपेट आवाज बंद होईपर्यंत आवळत गेला. पत्त्या मात्र त्यानं पाटावरच ठेवल्या, कारण त्यांचा त्याला काय उपयोग?

मी पाना हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं कुंकू बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब," मी म्हणाले, "इंजिन गार व्हायला दोन तास लागतील. तवर जेवून घ्या."

"गार झाल्यावर काय होणार आहे?"

"मी दुरुस्त करणार हाय."

साहेबानं जोतिरामकडं बघितलं, जसं काही त्याची परवानगी लागते. जोतिराम म्हणाला, "करू द्या. येतं तिला." हे तो मोठ्या मनानं बोलला.

गाडी ब्रेकवर मागं सोडत आम्ही वळणाच्या सपाटीवर घेतली. करवंदीच्या जाळीच्या सावलीला मी तिघांना वाढलं. ज्याचा गळा धरावा त्याच्या ताटात पिठलं वाढायचं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जोतिरामनं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीला हात पुढं केला तेव्हा मी दुरडीवर फडकं टाकलं.

"संपल्या," मी म्हणाले. अजून सहा होत्या.

इंजिनावर तळहात ठेवून बघितला, पुरतं गार झाल्यावर झाकण काढलं. पत्ती नव्हती. पण आमच्या बारा नंबरच्या पत्तीएवढं जाड काहीतरी सपाट मला पाहिजे होतं, पोस्टकार्डापेक्षा जरा जाड आणि कडक.

"साहेब, तुमच्याकडं नावाचं कार्ड हाय का?"

"व्हिजिटिंग कार्ड? आहे." त्यानं खिशातून डबीच काढली. मी एक कार्ड बोटांत धरून चोळून बघितलं. चालण्यासारखं होतं.

"आता तिघं मागं जावा. गाडी चौथ्या गिअरात हाय. मी म्हणंन तेवढीच ढकलायची आणि थांबायचं."

साहेबानं खरंच बाह्या सरसावल्या.

"ढकला. आणखी. बास!"

इंजिन थोडं फिरायचं, एक व्हॉल्व्ह दाबला जायचा. मी नवाची बेरीज करून त्याचा जोडीदार शोधायची. नट ढिला करायची, कार्ड घालायची, स्क्रू हळू फिरवायची, कार्ड ओढायची. सैल लागलं की परत. अडलं की नट आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा एकदा ओढून बघायचं, कारण आवळताना फट बदलते. पहिल्या दोनला स्क्रू जास्तच फिरला. रागानं. मग कामानं हात शांत केले. राग होता तिथंच राहिला.

"ढकला. बास. जरा जास्त झालं, मागं घ्या. हां."

तीन पुरुष माझ्या शब्दावर पुढं-मागं होत होते. बाजीराव मधून मधून वाकून बघायचा. पाचव्याला तो म्हणाला, "वैनी, म्हंजे गेल्या साली माझ्या गाडीचं..."

"मीच केलं हुतं."

"आयला," तो म्हणाला आणि जोतिरामकडं बघत राहिला.

सातवा झाला, आठव्यासाठी गाडी ढकलून झाली. साहेब घाम पुसत पुढं आला, माझ्या खांद्यावरून आत डोकावला. त्याला ते काम आवडलेलं दिसत होतं. मग तो वळला आणि म्हणाला, "जोतिरामराव, कमाल आहे! बायकोला चांगलं तयार केलंत हो."

आणि जोतिराम हसला. तो साधा, लाजल्यासारखा हसला आणि म्हणाला, "शिकवलंय थोडंफार, साहेब."

एवढा वेळ मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. दोष घ्यायचा, काम मिळवायचं, घरी जाऊन काय ते बोलायचं. त्या हसण्यानं ते सगळं गेलं. बिघडवलं माझ्या हातानं आणि सुधारलं त्याच्या शिकवणीनं. दोन तासांत दोन्ही बाजूंनी मला लुटलं होतं, आणि वर माझ्याच हातच्या दोन भाकरी खाल्ल्या होत्या.

मी पाना मडगार्डवर ठेवला. कार्ड त्याच्यापुढं धरलं.

"आठवा तुम्ही लावा."

"आता एकच राहिलाय, तूच कर की."

"न्हाई. शिकिवणाऱ्याचा हात बघू दे साहेबांस्नी."

"शाले, उगं येळ नगं घालवू."

"मला काय घाई न्हाई."

साहेबाला यातलं काही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "लावा ना, बघू तरी," आणि बाजूला सरकला.

जोतिराम पुढं आला. कार्ड घेतलं. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं, पोरगं मार खाण्याआधी बघतं तसं, आणि मला त्याची दया आली नाही. आज वाटतं यायला हवी होती. तेव्हा नाही आली. त्यानं कार्ड फटीशी नेलं. ते त्याच्या बोटांतून खाली इंजिनावर पडलं. त्यानं उचललं. आत घातलं, स्क्रू फिरवला, ओढलं. ते सरळ निघालं. आणखी फिरवला, ओढलं. निघेना. जोर लावला तसं कार्डाचा अर्धा तुकडा आत राहिला आणि अर्धा त्याच्या हातात आला.

"दुसरं घ्या," साहेब म्हणाला आणि कार्ड पुढं केलं.

ते त्यानं घेतलंच नाही. आपल्या बोटांकडं बघत उभा राहिला. खाली दरीत कुठंतरी ट्रक चढत होता, त्याचा आवाज येत होता. मी मदत केली नाही. बाजीराव काही बोलायला गेला, त्याला मी हातानं थांबवलं.

"मला कळत न्हाई साहेब," जोतिराम म्हणाला.

"काय कळत नाही?"

"बोटास्नी. बोगद्यात गेली माझी बोटं. कार्ड हाय का न्हाई तेबी कळत न्हाई." त्याचा आवाज बारीक झाला होता. "सकाळी मीच आवळलं ते. ती देवळात हुती. आवाज नगं म्हणून आवळलं. तिनं हातबी लावला न्हवता."

मी आत अडकलेला कार्डाचा तुकडा काढला, नवीन कार्ड घातलं आणि आठवा लावला. दोन मिनिटांचं काम होतं. झाकण बसवलं. "मारा स्टार्टर," म्हणाले. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं, टिकटिक टिकटिक करत, आणि पुढची सगळी वळणं ते एकदाही न कुरकुरता चढलं.

वर कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिससमोर गाडी थांबली. साहेब उतरला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं जोतिरामला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोर सरळ सांगितलं.

"गाडी मला पसंत आहे. गाडी घेतो. पण ड्रायव्हर दुसरा द्या. आमच्या डॉक्टरांची तपासणी असते, त्यात तुम्ही बसणार नाही. आणि आता मला माहीत असताना मी गप्प बसू शकत नाही."

"साहेब, स्टिअरिंग धरायला बोटं लागत न्हाईत. तळवा लागतो," जोतिराम म्हणाला. "धा वर्षं चालवतोय. एक ओरखडा न्हाई गाडीला."

"मला मान्य आहे. पण नाही जमणार."

मग साहेबानं बाजीरावाकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लायसन आहे?" बाजीरावानं आधी भावाकडं बघितलं, मग मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी बघितलं. तो बडबड्या होता, पण भावावर त्याचा जीव होता.

उतरताना बाजीरावानं गाडी चालवली. साहेब वरच राहिला होता, पुढची सीट रिकामी होती, तरी जोतिराम पुढं बसला नाही. माझ्यासमोर मागच्या बाकावर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा. दुरडी दोघांच्या मध्ये. निम्मा घाट उतरेपर्यंत तो बाहेर बघत होता.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग आणखी काय पायजे तुला? माझी गाडी गेली माझ्या हातातनं. चार माणसांत म्या तोंडानं सांगितलं. आणखी काय?"

"जे बिघडल्यावर सांगितलंसा, ते नीट असताना सांगायचं हुतं," मी म्हणाले. "सात वर्सांत एकदा. एका माणसाला. भावजींना सांगितलं असतंसा तरी चाललं असतं."

मला वाटतं त्याला ते त्या वेळी खरंच पहिल्यांदा समजलं. लबाडी त्यानं ठरवून केली नव्हती. बोटं गेल्यावर त्याच्याकडं एवढं एकच नाव उरलं होतं, आणि ते माझ्याकडून घेतलंय हे तो हळूहळू विसरूनच गेला होता. हे मला आता कळतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं काही नाही.

वाडीत शिरलो तर दुकानासमोर वडापवाला हिंदुराव आणि आणखी पाच-सहा जण उभे होते. कंपनीच्या कामाचं सगळ्यांनाच माहीत होतं. बाजीरावानं गाडी थांबवली. स्टिअरिंगवर त्याला बघून हिंदुरावाला नवल वाटलं असणार, पण तो मागं आला आणि त्यानं जोतिरामलाच विचारलं.

"काय जोतिराम, चढली का गाडी?"

जोतिराम खाली उतरला. दोन्ही हात त्यानं खिशात घातले.

"चढली," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शालननं चढवली. टॅपेट तिचंच असतं. सगळ्यांच्या गाड्यांचं तीच करती, सात वर्सं झाली. माझा कशाला हात न्हाई."

माणसं माझ्याकडं बघायला लागली. हिंदुरावानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि पुन्हा बघितलं. बरोबर हेच ऐकायला मी इतकी वर्षं चहाच्या बशा उचलत थांबले होते. ते ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला मात्र पिठल्याचं पातेलं त्याच्या पाठीत घालावंसं वाटलं. कारण काल हे सांगितलं असतं तर त्याचं काहीतरी गेलं असतं. आता सांगायला त्याचं काहीच जात नव्हतं.

तो मागं न बघता घराकडं चालू लागला. मी दुरडी डोक्यावर घेतली आणि त्याच्या मागून न जाता दुसऱ्या वाटेनं घरी गेले.